जळूची फेरनेमणूक

भातखाचरातून वर आलेल्या माणसाच्या पोटरीला किंवा तळ्यात डुंबून आलेल्या म्हशीच्या कासेला डसलेली जळू ठाणे-कल्याणकडील जुन्या रहिवाशांस अपरिचित नाही. परंतु या क्षुद्र जीवास वैद्यकाच्या दरबारी मान मिळाला, तेथूनच तो हाकलला गेला आणि पुन्हा सन्मानाने रुजू झाला.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील तेरावा अध्याय जळवांनाच वाहिलेला असून, सहा सविष व सहा निर्विष अशा बारा जातींचा तपशील देऊन, बालक, वृद्ध, भित्रे व सुकुमार यांचे रक्त जळवांकरवी काढावे असे तो सांगतो; या यादीत राजाही आहे! सोळाव्या अध्यायात नाक-कान सांधण्याचा विधी येतो. पेशवाईच्या उत्तरकाळी पुण्याजवळ ही विद्या जिवंत होती: टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नामक बैलहाक्यास वीट पाडणाऱ्यांच्या जातीतील एका कारागिराने कपाळाच्या त्वचेचे नाक बसवून दिले, त्याची हकिकत 1794 साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापली गेली, आणि 1814 साली जोसेफ कार्प्यूने तोच प्रयोग विलायतेत केला.

जळूचे दैव निराळे. पॅरिसमध्ये ब्रुसे या वैद्याच्या मताचा अंमल असता जवळपास प्रत्येक ज्वरावर जळवा लावीत. 1833 साली एकट्या फ्रान्सने चार कोटींहून अधिक जळवा बाहेरून आणविल्या. पुढे रक्तमोक्षणाचे स्तोम ओसरले, तशी जळूही बरखास्त झाली. तो निवाडा अन्यायाचा होता, असे मला वाटत नाही. मात्र 1884 साली, कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात वैद्यक शिकत असताना, जॉन हेक्राफ्टने जळूच्या मुखस्रावात रक्त गोठू न देणारे द्रव्य असल्याचे दाखविले, आणि तिच्या पुनरागमनाचा दाखला तेथेच तयार झाला.

1960 साली ल्युब्लियानाच्या डेर्गान्त्स व झ्द्राविच या शल्यविशारदांनी, सरकवून बसविलेल्या त्वचेत रक्त तुंबले असता जळवा लावल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला; 1985 साली बोस्टनमध्ये जोसेफ अप्टन यांनी एका बालकाचा तुटलेला कान याच साह्याने वाचविला; 2004 साली अमेरिकेने जळूस वैद्यकीय साधन म्हणून रीतसर मान्यता दिली. यंत्रात सापडून तुटलेले बोट, ज्याचे भय डोंबिवली-अंबरनाथच्या कारखान्यांना नवे नाही, जोडताना धमनी सांधता येते, पण केसासारखी नीला पुष्कळदा सांधता येत नाही. मग आत आलेले रक्त बाहेर पडू शकत नाही व बोट जांभळे पडते. जळू स्वतः पाच-पंधरा मिलिलीटरच पिते, पण ती गळून पडल्यावर जखम कित्येक तास झिरपत राहते, आणि नव्या नीला फुटेपर्यंतचे ते थोडे दिवस त्यावर निभतात. ती डसेनाशी झाली, तर धमनीतूनच रक्त येत नसल्याचा संशय घ्यावा, हे अनुभवी शल्यवैद्य जाणतात.

तिच्या आतड्यातील एरोमोनास जंतूंमुळे प्रतिजैविके आधीच सुरू करतात, आणि रक्त फार गेल्यास वरून द्यावेही लागते. आयुर्वेदाचार्य वाग्भटाने रक्त प्यालेल्या जळूस ओकवून सात दिवस पुन्हा न लावण्याची आज्ञा केली होती. आजच्या रुग्णालयात मात्र एका रुग्णाची जळू दुसऱ्यास लावीत नाहीत, काम संपताच मद्यार्कात बुडवून तिचा शेवट करतात.