रक्ताच्या एका नळीमागचा पसारा

तालुक्याच्या गावी आपण रक्त तपासायला जातो. दंडाला रबरी पट्टा, एक टोचणी, लहानशा नळीत रक्त आणि संध्याकाळी हातात कागद. आपल्या लेखी काम संपले. पण ती सुई, ती पिचकारी, ती नळी, ते रबरी हातमोजे? त्यांचे पुढे काय होते, हे आपण विचारीत नाही. २०१५ साली इंग्लंडातील एक्झिटर विद्यापीठाच्या अभ्यासकांनी एक अंदाज मांडला. जीवशास्त्र, वैद्यक आणि शेती या विषयांच्या संशोधनशाळांतून २०१४ या एका वर्षात जगभर सुमारे ५५ लाख टन प्लास्टिकचा कचरा निघाला असावा.

कोणी म्हणेल, मग पूर्वीसारख्या सुया उकळून पुन्हा वापरा की! नको. ती काटकसर नव्हे; एकाची कावीळ दुसऱ्याच्या अंगात घालण्याची ती वाट आहे. सुई एकदाच वापरायची. काटकसर करायची ती दुसरीकडे.

ऑस्ट्रेलियातील रुग्णालयांच्या रक्ततपासण्यांचा एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. हवा तापवणाऱ्या कर्बवायूचा भार प्रत्येक तपासणीमागे किती, हे त्यात मोजले होते. आपल्याला वाटेल, वीज खाणारी यंत्रेच मोठी दोषी असणार. निघाले वेगळेच. रक्तातील पेशी मोजण्याच्या साध्या तपासणीमागे सुमारे ११६ ग्रॅम भार. आणि त्यातला बहुतेक वाटा रक्त काढण्याचा व त्याला लागणाऱ्या साहित्याचा. उलट, अंगातली सूज दाखवणारी सी-आर-पी ही तपासणी बहुधा आधीच काढलेल्या रक्तावर होते, म्हणून तिचा भार अवघा अर्धा ग्रॅम! म्हणजे खर्चाची गोष्ट यंत्राची नाही, टोचणीची आहे. एका नळीत चार तपासण्या झाल्या तर भार थोडा. चारदा टोचले तर चौपट पसारा.

तेव्हा जुना कागद फेकू नका. दवाखान्यात जाताना तो पिशवीत घाला. महिन्यापूर्वीची तपासणी पुन्हा लिहून दिली, तर अदबीने विचारा, "डॉक्टरसाहेब, हिच्यामुळे औषध बदलणार आहे का?" विचारण्यात अपमान नाही. 'सगळंच एकदा तपासून घेऊ' ही हौस रोग्याच्या खिशालाही परवडत नाही. मात्र क्षयाची थुंकी किंवा गरोदर बाईचे रक्त तपासायचे कधीही टाळू नये.

आता कचरा. आपल्या देशातील २०१६ च्या नियमांनी चार रंग ठरवून दिले आहेत. रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्यात, तो जाळण्यासाठी. प्लास्टिकच्या नळ्या, हातमोजे, सुई काढलेली पिचकारी लाल पिशवीत; ती वाफेने निर्जंतुक करून, तुकडे करून पुन्हा वापरात आणता येतात. सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, काच निळ्यात. गडबडीत लाल पिशवीतले प्लास्टिक पिवळीत पडले, की तेही भट्टीत जाते. क्लोरीन असलेले प्लास्टिक नीट न जळाल्यास डायॉक्सिनसारखे विष हवेत मिसळते. पिचकारीवरचे कोरे कागदी वेष्टण तर साधा कचराच. तेही पिवळीत कोंबले जाते, आणि उगीच जळते.

शिक्षकबंधूंनो, पुठ्ठ्याची चार खोकी या चार रंगांत रंगवा आणि वस्तूंच्या चित्रांच्या चिठ्ठ्या मुलांना त्यांत टाकायला द्या. चित्रेच द्या हं. खरी पिचकारी वर्गात आणू नका.