बिलिंगचा कॉम्प्युटर सुरू होत नाही? ‘फॉरमॅट’ला लगेच हो म्हणू नका

व्हिडिओत घाईत झालं, म्हणून इथे नीट लिहितो.

काउंटरवर गिऱ्हाईक उभं आणि स्क्रीनवर ‘नो बूटेबल डिव्हाइस’. आधी लावलेला पेन ड्राइव्ह काढा. कधीकधी मशीन त्यातच विंडोज शोधत बसतं. तारीख-वेळ रोज मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सेल बदला, पाच मिनिटांचं काम. बायोसमध्ये हार्ड डिस्कच दिसत नसेल, तर केबल सैल आहे किंवा डिस्क गेली. डिस्कमधून टकटक आवाज येतोय? मग पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका.

डिस्क दिसतेय, पण निळी स्क्रीन येते? १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइकच्या एका बिघडलेल्या अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन अडकली. उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल डिलीट करणं. फॉरमॅट नाही! फक्त जिथे बिटलॉकर चालू होतं, तिथे आधी ४८ अंकी रिकव्हरी की लागली. तुमच्या लॅपटॉपला बिटलॉकर असेल तर ती की आजच कागदावर उतरवून घरी ठेवा.

विंडोज पुन्हा टाकता येतं हो, टॅलीचा डेटा कुठून आणणार? जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावे लागतात. म्हणून धुळ्यात द्या की जळगावच्या गोलाणी मार्केटला, मशीन हातात देतानाच सांगा, “दादा, आधी डेटा कॉपी करा, मग काय ते करा.” आणि ती कॉपी उघडून बघितल्याशिवाय फॉरमॅट करू देऊ नका.