स्क्वॉटचा शनिवार

सकाळी ६. शटर वर. सकाळची बॅच पोट कमी करायला आलेल्यांची. त्यात माझा वेळ जातो, जीव नाही.

११. वहीत संध्याकाळचे आकडे. ६३ किलो गटातली आमची मुलगी स्क्वॉटला १३० मारते. आज ११५ वर तीन रेपचा एक सेट, मग १०५ वर चाराचे दोन. त्याहून जास्त नाही.

दुपारी ३. बैठका मारत वाढलेला एक नवा मुलगा. अशा पोरांच्या मांड्यांत दम असतो, पण भांडण टाचांशी. बैठकीत खाली जाताना टाचा उचलतात, इथे अख्खं पाऊल जमिनीला चिकटलेलं हवं. अर्धा तास रिकाम्या बारवर तेवढंच.

५. ती कॉलेजातून येते. आधी रॅकची उंची बघते. बार छातीच्या मध्याला हवा. उंच लावला तर चवड्यांवर उभं राहून काढावा लागतो, आणि दमल्यावर तसाच परत ठेवताना खरी भीती. रिकामा बार, ६०, ८०, ९५, १०५. वजन चढतं तसे रेप उतरतात, मधली विश्रांती वाढते.

५.४५. ११५. दोन्ही बाजूंना लाल २५, निळी २० आणि अडीचाची कॉलर. बेल्ट एक भोक घट्ट. बार मानेवर नाही, खांद्याच्या फऱ्यांवरची हाडाची कड लागते तिच्या जरा खाली. उचलला, तीन पावलांत मागे. निम्मी मुलं इथेच वजन हरतात, पाय हलवत बसतात. दम छातीत नव्हे, पोटात. बेल्टला पुढून, बाजूंनी, मागूनसुद्धा दाब लागला पाहिजे. मी ‘स्क्वॉट’ म्हणतो तेव्हाच ती गुडघे सोडते. स्पर्धेत पंचांच्या आज्ञेआधी हललं की लाल दिवा, म्हणून ही सवय रोजचीच.

पहिला रेप स्वच्छ. दुसराही. तिसऱ्याला खालून ढुंगण आधी वर आलं, छाती मागे राहिली, बार पुढे झुकला. ‘छाती!’ ओरडलो. बाजूचे दोघे स्पॉटर हात पुढे करून, पण बारला न शिवता. निघाला. ‘रॅक.’

मोबाइल मांडीच्या उंचीवर, अगदी बाजूने लावलेला. तिरका ठेवला की डेप्थ खोटी दिसते. मांडी कमरेला मिळते ती घडी गुडघ्याच्या माथ्याखाली गेली पाहिजे. तिन्ही रेप पास.

‘सर, १२० टाकू?’

‘नाही. प्लेटा काढ.’

तोंड पाडून निळ्या काढल्या, पिवळ्या १५ लावल्या. तिसरा रेप तसा निघाल्यावर वजन वाढवणं म्हणजे तीच चूक पक्की करणं. १०५ वर प्रत्येक रेपला खाली क्षणभर थांबायला लावलं. चौथ्यालाही छाती आणि कंबर बरोबर उठली.

रात्री ८.३०. वहीत : पुढच्या शनिवारी ११५ च, दोनाचे तीन सेट. सोमवारी पॉज स्क्वॉट, ९०. नवा मुलगा : टाचा.