गोळीची आठवण वाजली का नाही? दोन फोन, दोन नियम

ॲप बनवणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हा प्रश्न येतोच: "एकदा ॲप बनवलं की अँड्रॉइड आणि आयफोन, दोन्हीवर चालायला काय हरकत आहे?" उत्तरासाठी एकच उदाहरण घेऊ. आजीला रोज रात्री ९ वाजता बीपीच्या गोळीची आठवण करून देणारं ॲप.

फ्लटर किंवा रिअ‍ॅक्ट नेटिव्ह वापरलं, तर स्क्रीन, बटणं, गोळ्यांची यादी हे बहुतेक सगळं एकदाच लिहून दोन्हीकडे चालतं. खरी गोची पुढेच आहे. रात्री ९ ला ॲप बंद असतं आणि फोन टेबलावर पडलेला असतो. त्याला जागं कोण करणार? ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या हातात, आणि दोघींचे नियम वेगळे.

आधी अँड्रॉइड. २०१५ च्या अँड्रॉइड ६ मध्ये 'डोझ' आलं. फोन चार्जिंगला नसेल, हलत नसेल, स्क्रीन बंद असेल, तर बॅटरी वाचवायला सिस्टिम ॲप्सची कामं पुढे ढकलते. साधा अलार्मही त्यात लांबतो. नेमक्या वेळेचा अलार्म वेगळा मागावा लागतो. अँड्रॉइड १२ पासून त्याला खास परवानगी आली आणि अँड्रॉइड १४ मध्ये बहुतेक नव्या ॲप्सना ती आपोआप मिळेनाशी झाली. अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनचीही परवानगी मागावी लागते. शिवाय फोन रीस्टार्ट झाला की लावलेले अलार्म पुसले जातात. ॲपने ते पुन्हा लावायचे. पण काही कंपन्यांच्या फोनमध्ये 'ऑटोस्टार्ट' आधीच बंद असतं. मग ॲप उठणार कसं आणि अलार्म लावणार कसं?

आयफोनवर फोन बनवणारी कंपनी एकच, म्हणून हा गोंधळ कमी. पण तिथे कोटा आहे: एका ॲपच्या जास्तीत जास्त ६४ लोकल नोटिफिकेशन्स रांगेत राहतात. रोज तीच आठवण रिपीट करायची तर एक जागा पुरते. पण "आजची गोळी घेतली, आता आज वाजू नको" ही सोय द्यायची, तर प्रत्येक दिवसाची वेगळी नोंद लावणं सोपं पडतं. दिवसाला ३ गोळ्या धरा, २१ दिवसांत कोटा संपला. त्याआधी आजीने ॲप उघडलं नाही, तर पुढे शांतता! फोन सायलेंटवर असेल तर साध्या नोटिफिकेशनचा आवाजही येत नाही. सायलेंटमध्येही वाजणारा अलार्म इतर ॲप्सना लावता यावा म्हणून ॲपलने 'अलार्मकिट' दिलं, तेही २०२५ च्या आयओएस २६ मध्ये. जुन्या आयफोनवाल्यांना ते नाहीच.

म्हणजे आजीचं काम एक, पण कोड दोन, टेस्टिंग दोनदा, आणि अँड्रॉइडवर प्रत्येक कंपनीचा फोन वेगळा तपासायचा. बॅटरी वाचवणं चुकीचं नाहीच. पण फुकट गेम आणि औषधाची आठवण यांतला फरक सिस्टिमला आपोआप कळत नाही. तो तुम्हालाच सांगावा लागतो.

म्हणून आज एवढं करा. घरच्यांच्या फोनमध्ये त्या ॲपसाठी नोटिफिकेशन, अलार्मची परवानगी आणि ऑटोस्टार्ट चालू करा. बॅटरीचं बंधन काढा. मग १० मिनिटांनंतरची आठवण लावा, फोन रीस्टार्ट करून अनलॉक करा आणि ॲप न उघडता थांबा. वाजली तर ठीक. नाही वाजली, तर त्या ॲपच्या भरवशावर गोळी सोडू नका. फोनच्या घड्याळातला अलार्म लावून द्या.