एस.टी.तला चोर आणि कंडक्टर

चित्रपटातला चोर माल घेऊन बहुधा मोटारीतून पळतो. सचिन पिळगावकरांच्या 'नवरा माझा नवसाचा' (२००४) या चित्रपटात तो मुंबईहून गणपतीपुळ्याला निघालेल्या एस.टी.त बसतो. शेजारी नवस फेडायला निघालेले जोडपे! चोराला हिरे लपवायचे आहेत, नवसवाल्याला लाज. एका गाडीत दोन गुपिते, म्हणूनच गंमत वाढते.

या साऱ्यांत उभा असतो अशोक सराफांचा कंडक्टर. सराफांनी स्वतः स्टेट बँकेत नोकरी केली होती. ते प्रेक्षकांना पोटभर हसवतात. परंतु कंडक्टरला विदूषक करीत नाहीत. गाडीची जबाबदारी त्याच्या बोलण्या-वागण्यातून सुटत नाही. कामकऱ्याच्या प्रसंगाला हसावे, त्याच्या कामाला नव्हे, हा भेद या अभिनयातून कळतो. १९४८ पासून आपण एस.टी.ने फिरतो; फलटणच्या स्टँडवर तिकीट घेताना हा भेद आठवावा.