नाखव्यांचे बंदर: दोहाच्या किनाऱ्यावर चार दिवस



कतार हा देश नकाशावर शोधायचा असेल तर अरबस्तानच्या पूर्व किनाऱ्यावर बोट ठेवा. अंगठ्यासारखा एक जमिनीचा तुकडा आखातात शिरलेला दिसेल. तोच कतार. त्याची राजधानी दोहा. २०२२ साली तिथे फुटबॉलचा वर्ल्ड कप झाला आणि त्या महिनाभरासाठी, कधी नव्हे ते, बेन गुरियनहून दोहाला थेट विमाने सुटली. पहिले विमान २० नोव्हेंबरला गेले. एका डिसेंबरच्या विमानात मी आणि माझा बारा वर्षांचा नातू होतो. त्याला मॅच बघायची होती, मला बंदर. फायनल १८ डिसेंबरला आणि त्याच संध्याकाळी हनुक्काचा पहिला दिवा, म्हणून त्याच्या आईने आम्हाला आधीच बजावले होते की पहिल्या दिव्याच्या आत घरी या. फायनल टीव्हीवर बघा.

आपल्या देशाचे आणि कतारचे नाते ऊन-सावलीसारखे आहे. १९९६ साली शिमोन पेरेस तिथे गेले, दोहात आपली व्यापारी कचेरी उघडली, २००९ च्या जानेवारीत ती बंद झाली. आज राजनैतिक संबंध नाहीत, आणि ९ सप्टेंबर २०२५ रोजी आपल्या विमानांनी दोहावर हल्ला केला, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. आता तशी संधी पुन्हा कधी येईल कोण जाणे. म्हणूनच जे पाहिलं ते लिहून ठेवतो. राजकारणासाठी नव्हे. त्या बंदरात मला पावलोपावली आपलं कोकण आणि आपली मुंबई भेटत होती, त्यासाठी.

दोहाचा किनारा अर्धचंद्रासारखा वळलेला आहे. त्याला कॉर्निश म्हणतात, लांबी सुमारे सात किलोमीटर. एका टोकाला काचेच्या उंच इमारती आणि दुसऱ्या बाजूला जुनी गोदी. मधोमध एक मोठा शिंपला उघडून ठेवलेला आहे, आत मोती आणि भोवती पाण्याचे कारंजे. पर्यटक तिथे फोटो काढतात. आम्हीही काढला. पण त्या शिंपल्याच्या मागे लाकडी गलबतांचा जो धक्का आहे तो खरा बघण्यासारखा. शेकडो गलबते एकमेकांना खेटून उभी. डांबराचा, माशाचा, ओल्या दोरखंडाचा वास. तो वास नाकात गेला मात्र, मी रेवदंड्याच्या धक्क्यावर उभा राहिलो.

बालमित्रांनो, इथे एक गंमत सांगतो. या किनाऱ्यावर गलबताच्या मालकाला किंवा कप्तानाला 'नाखुदा' म्हणतात. मूळ शब्द फारसी. आपल्या कोळ्यांच्या तोंडी तोच 'नाखवा' झाला. खलाशी, जहाज, मोसम, दलाल, सराफ हे सगळे शब्द याच समुद्रावरून अरबी-फारसीतून आपल्या मराठीत उतरले आहेत. मोसमी वाऱ्यावर गलबते ये-जा करायची, माल उतरायचा, आणि मालाबरोबर शब्दही उतरायचे. जकात मात्र फक्त मालावर. आणि ही गलबते ज्या लाकडाची ते सागवान मलबारचे. या वाळवंटात जहाजाचे लाकूड कुठून येणार? केरळातल्या बेपूरला अजूनही आखाती गिऱ्हाइकांसाठी असली मोठी लाकडी जहाजे बांधतात.

मी नातवाला हे सांगत होतो, अर्थात मराठीत. त्याला मी बजावून ठेवले होते की चारचौघांत मोठ्याने हिब्रू बोलू नको. त्या दिवसांत आपल्या बातमीदारांना तिथे लोकांनी तोंडावर तोडून बोललेले आम्ही टीव्हीवर पाहिले होते. तेवढ्यात एका गलबतावर जाळे सावरत बसलेला माणूस ओरडला, "आजोबा, गाव कुठचा तुमचा?" साठीच्या आसपासचा, दाढीवाला, डोक्यावर टोपी. श्रीवर्धनकडचा कोकणी मुसलमान. तीस वर्षे आखातात. मी म्हटले, "मूळ रेवदंडा." "आणि आता?" नातू माझ्याकडे बघायला लागला. मी सांगून टाकले, "इस्रायल." त्याने हातातले जाळे खाली ठेवले. क्षणभर काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हंजे तुमी शनवार तेली. आमची दादी सांगायची, शनवारी तुमची घाणी बंद, म्हनून आमी शुक्रवारीच तेल आनून ठेवायचो." मग त्याने आम्हाला वर बोलावले, काळा चहा पाजला, आणि निघताना नातवाच्या हातात खजुराचे एक पाकीट दिले. त्या पाकिटाबद्दल पुढे सांगेन.

आता मोत्यांबद्दल. तेल सापडण्यापूर्वी हा देश मोत्यांवर जगत होता. जूनपासून सप्टेंबरपर्यंत, भर उन्हाळ्यात, गलबते बाहेर पडायची. पाणबुड्याच्या नाकाला कासवाच्या कवचाचा किंवा हाडाचा चिमटा, पायाला दगड, गळ्यात शिंपल्यांसाठी जाळीची पिशवी. दगडाच्या वजनाने तो तळाशी जायचा, मिनिटभरात हाताला लागतील ते शिंपले गोळा करायचा आणि दोरी हलवायचा. वरचा सोबती त्याला ओढून काढायचा. दिवसाला अशा चाळीस-पन्नास बुड्या. बहुतेक शिंपले रिकामे निघायचे. मोसमाआधी नाखुदाकडून उचल घ्यायची आणि मोसम संपला तरी ती फिटायची नाही, मग पुढच्या वर्षी पुन्हा त्याच गलबतावर. यातले कित्येकजण तर पूर्व आफ्रिकेतून आणलेले गुलामच होते. कतारमध्ये गुलामगिरी कायद्याने बंद झाली १९५२ साली. जुन्या बाजाराजवळ मशैरिब नावाच्या वस्तीत बिन जेलमूद यांचे घर आहे, तिथे या गुलामीचेच संग्रहालय केले आहे. स्वतःच्या घरातली ही गोष्ट भिंतीवर लिहून ठेवायला हिंमत लागते. दर पेसाहला आपण मिसरातल्या गुलामीची आठवण काढतो, तेव्हा या घरापुढून नुसते पुढे जाणे मला जमले नाही. नातू तिथे बराच वेळ गप्प होता.

मोती निघाले की जायचे कुठे? मुंबईला! आखातातल्या मोत्यांची सर्वांत मोठी पेठ मुंबई. तिथले व्यापारी मोसमानंतर मुंबईला यायचे, झवेऱ्यांबरोबर सौदे व्हायचे, भोके पाडून माळा ओवल्या जायच्या आणि मग माल पॅरिस-लंडनला. ते ज्या मांडवी-मशीद बंदर भागात वावरत, तो आपलाच भाग. लहान वाचकांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो, मशीद बंदर हे नाव आपल्या 'शाआर हारहमीम' मशिदीवरून पडले, असे सांगतात. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेली मुंबईची पहिली मशीद ती. इतकेच नाही, दोहाच्या बाजारात १९६६ पर्यंत आपला रुपया चालायचा. १९५९ पासून रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा छापल्या होत्या, त्यांना आखाती रुपया म्हणत. मग १९६६ ला रुपयाचे अवमूल्यन झाले आणि त्यांनी स्वतःचा रियाल काढला.

जुन्या गोदीच्या दक्षिणेला कतारचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. २०१९ मध्ये उघडले. फ्रेंच वास्तुशिल्पी जाँ नूव्हेल यांनी वाळवंटात सापडणाऱ्या 'गुलाब' नावाच्या खड्यासारखी, एकात एक घुसलेल्या तबकड्यांची इमारत केली आहे, आणि मधोमध शेख अब्दुल्ला बिन जासिम यांचा जुना राजवाडा तसाच ठेवला आहे. तिथे एका मंद उजेडाच्या दालनात मी थबकलो. समोर बडोद्याचा मोत्यांचा गालिचा!

हा गालिचा बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड यांनी सुमारे १८६५ साली करवून घेतला. हरणाचे कातडे आणि रेशीम यांवर बारीक बारीक मोती, अंदाजे पंधरा लाखांहून अधिक, शिवाय हिरे, माणके, पाचू, नीलम. मोती सगळे आखातातले. मदिनेच्या पैगंबरांच्या दर्ग्याला अर्पण करायचा त्यांचा मनोदय होता असे सांगतात, पण १८७० ला महाराज वारले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. १९०२-०३ च्या दिल्लीच्या प्रदर्शनात तो लोकांनी पाहिला. पुढे महाराणी सीतादेवींबरोबर तो युरोपात, मोनॅकोला गेला. आणि २००९ च्या मार्चमध्ये त्याचा लिलाव झाला तो नेमका दोहात, सुमारे ५५ लाख डॉलरला. एका मराठी राजाने नवसासाठी गोळा केलेले मोती दीडशे वर्षे फिरून पुन्हा आपल्याच समुद्राच्या काठाला येऊन टेकले. मी नातवाला म्हटले, "मोज." तो शंभरापर्यंत मोजून कंटाळला. मी त्याला सांगितले की यातल्या एकेका मोत्यामागे कुणीतरी कितीदा बुडी मारली असेल. त्याने पुन्हा मोजायला सुरुवात केली नाही, पण काचेपासून हललाही नाही.

हा धंदा बुडाला तो विसाव्या शतकात, १९२०-३० च्या सुमारास. जपानने शिंपल्यात मोती पिकवायची युक्ती काढली, त्यात जगभर मंदी आली. दोहातली माणसे अक्षरशः उपाशी पडली. दुखानला तेल लागले १९४० च्या आसपास, पण मध्ये महायुद्ध, आणि तेलाचे पहिले जहाज निघाले १९४९ च्या अखेरीस. मधली दहा वर्षे कशी काढली असतील?

गोदीजवळ पाण्यातच इस्लामी कलेचे संग्रहालय उभे आहे. चिनी-अमेरिकन वास्तुशिल्पी आय. एम. पेई यांनी वयाची नव्वदी गाठताना ते पुरे केले. पुढे शेजारी उंच इमारती येऊन त्याला झाकतील या भीतीने त्यांनी त्यासाठी समुद्रात वेगळे बेटच मागितले. कैरोच्या इब्न तुलून मशिदीतल्या वजूच्या कारंज्यावरून त्यांना आकार सुचला. २००८ साली ते उघडले. आत मोगलांचे दागिने आहेत, पण खरे सांगू? मला बाहेरच्या कमानीतून दिसणारा समुद्रच जास्त आवडला. म्हाताऱ्यांसाठी बसायला जागाही भरपूर. जुन्या बाजाराला, सूक वाकिफला, संध्याकाळी जावे. मसाल्यांचे ढीग, पिंजऱ्यातले पक्षी, आणि ससाण्यांचे वेगळे दुकान, जिथे ससाणे टोपी घालून ओळीने बसलेले असतात. मुलांना तिथून हलवणे कठीण.

मालाची जहाजे आता दक्षिणेच्या नव्या हमद बंदरात जातात. रिकाम्या झालेल्या जुन्या बंदरात २०२२ साली गुलाबी, पिवळी, आकाशी रंगाची घरे आणि कॅफे उभे राहिले. मीना वस्ती म्हणतात. सुंदर आहे, स्वच्छ आहे. मला मात्र पेढ्यांच्या खोक्यासारखी वाटली. बंदराला थोडा घामाचा वास नसला तर ते बंदर कसले!

तिसऱ्या दिवशी गाडी करून उत्तरेला निघालो. पन्नासेक किलोमीटरवर अल खोर, जुने मोतीवाल्यांचे गाव. तिथल्या खाडीत तिवरांच्या झाडीत एक छोटे बेट आहे, त्याला जांभळे बेट म्हणतात. इथे इसवी सनापूर्वी चौदाव्या-तेराव्या शतकात, बाबिलोनवर कस्साईट राजांचे राज्य होते तेव्हा, समुद्री गोगलगायी फोडून त्यांच्यापासून जांभळा-तांबडा रंग काढत. फोडलेल्या शिंपल्यांचा मोठा ढीग उत्खननात सापडला. आपल्या तोरात मिश्कानच्या पडद्यांसाठी 'तखेलेत' आणि 'अर्गामान' सांगितले आहेत ना, ते रंग अशाच गोगलगायींचे. आपल्याकडे हैफाजवळ शिकमोनाला तसाच रंगाचा कारखाना सापडला आहे. इथला प्राणी वेगळ्या जातीचा, पण कसब तेच. नातवाने स्वतःच्या सिसीथच्या दोऱ्याला हात लावून पाहिला.

शेवटी जुबारा. दोहापासून शंभर किलोमीटरच्या वर, वायव्येच्या टोकाला. १७६० च्या दशकात कुवेतकडून आलेल्या व्यापाऱ्यांनी हे बंदर वसवले. चीनची भांडी, हिंदुस्थानचे कापड, आफ्रिकेचे सामान, आणि इथून मोती. सामाजी दिवेकर मुंबईत मशीद बांधत होते तेव्हा जुबारा ऐन भरात होते. १८११ ला हल्ला होऊन ते जळाले, नंतर थोडे सावरले, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओस पडले. गावात गोडे पाणी कधी नव्हतेच. दीड-एक किलोमीटर आत विहिरी, त्यांच्या रखवालीला मुरैरचा कोट. एवढा व्यापार, आणि जीव सगळा त्या विहिरींत! २०१३ मध्ये युनेस्कोने जुबाराला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. कतारचे पहिलेच स्थळ. जवळचा किल्ला दिसतो जुना, पण तो १९३८ चा आहे.

शहराचा बहुतेक भाग अजून वाळूखालीच आहे. पोवळ्याच्या दगडाच्या गुडघाभर भिंती, त्यांच्यात गल्ल्या. एका वाड्याच्या गिलाव्यावर कुणीतरी टोकदार वस्तूने गलबत कोरलेले उत्खननात मिळाले आहे, शिडासकट. माझ्या मते ते एखाद्या पोराचेच काम.

आणि एका खोलीत जमिनीवर समांतर पन्हळी दिसल्या. याला मदबसा म्हणतात. खजुराच्या गोण्या त्यावर रचायच्या, वजनाने रस गळायचा आणि पन्हळींतून कोपऱ्यातल्या रांजणात जमायचा. नातू लगेच म्हणाला, "सबा, हे तर सिलान!" बरोबर. आपण पेसाहला, रोश हशानाला जो खजुराचा मध ताटात घेतो तोच. 'दूध आणि मध वाहणारी भूमी' यातला मध तो खजुराचाच, असे आपले विद्वान मानतात.

तेव्हा मला त्या श्रीवर्धनच्या खलाशाच्या पाकिटाची आठवण झाली. वाटेत नातवाने तीन-चार खाल्ले होते. बाकीचे मी काढून घेतले आणि जपून घरी आणले. आम्ही परतलो त्या आठवड्यात घरी मलिदा होता. पोहे, खोबरे, केळी, सफरचंद यांच्या शेजारी ताटात ते खजूर ठेवले आणि एलियाहू हन्नाबीचे नाव घेतले. सुनेने विचारले, कुठून आणले? नातवाने सांगितले, "एका नाखव्याने दिले."