छंदाची नोंद कोणी ठेवायची?

कामोठ्यातल्या कुठल्याही सोसायटीत चार जिने चढा, एखादा छांदिष्ट भेटेलच. कोणी काडेपेटीवरची चित्रे जमवतो, कोणी पोस्टाची तिकिटे, तर कोणी रविवारी पहाटेच कर्नाळ्याचे पक्षी पाहायला बाहेर पडतो. घरी काचेच्या कपाटात चषक असतो, भिंतीवर मानपत्र. मग कॉलेजातली लेक एक दिवस विचारते, ''बाबा, तुमचं नाव विकिपीडियावर का नाही?''

प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. ज्ञानकोशात जागा कोणाला द्यायची, हा पेच जुनाच आहे. केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाला आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या विश्वकोशाला पाने मोजकीच होती. निवड संपादक करीत. २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाला पानांची टंचाई नाही आणि तेथे कोणीही लिहू शकतो. म्हणूनच चाळणी हवी. विकिपीडियात तिला 'उल्लेखनीयता' म्हणतात. माणूस किती गुणी आहे, हे ती विचारत नाही. त्याच्याशी लागेबांधे नसलेल्या कोणी, विश्वासार्ह ठिकाणी, त्याच्याविषयी सविस्तर लिहिले आहे का, एवढेच पाहते. पुरस्कारालाही हाच न्याय. देणाऱ्या संस्थेचे पत्रक म्हणजे पुरावा नव्हे. तिऱ्हाइताने दखल घेतलेली हवी. घरच्यांनीच लेख लिहिणेही तेथे उचित मानत नाहीत.

हा न्याय कोरडा वाटतो ना? देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर आठवून पाहा. संख्यांशी खेळणे हाच त्यांचा छंद. चार आकडे घ्या, सगळे सारखे नसावेत. त्यांची मोठ्यात मोठी संख्या मांडा आणि तीतून लहानात लहान वजा करा; उत्तरावर पुन्हा तेच करा. ३५२४ घेतले, तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. पुढे ८३५२, त्यापुढे ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच आणि मग तेथून हलत नाही! विद्यार्थिदशेत, १९२७ मध्ये, त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले होते. तरी आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांना त्यांचे काम पोरखेळ वाटे. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि देवळालीचे मास्तर जगाला ठाऊक झाले. तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली होती.

६१७४ आदल्या वर्षीही ६१७४च होते. बदलली होती ती फक्त नोंद. चाळणी गुण मोजत नाही, नोंद मोजते. आणि नोंद नाही म्हणजे गुण नाही, असा अर्थ काढणे हा आपला दोष.

मग चाळणीवर चिडून काय होणार? तिकिटांची वही असेल, तर कोणते तिकीट कधी, कोठून आले ते लिहून ठेवा. पक्ष्याच्या नावापुढे तारीख आणि जागा टाका. चषकावर वर्ष आणि स्पर्धेचे नाव नीट कोरून घ्या. आणि शेजारच्या छांदिष्टाकडे खरोखर काही वेगळे असेल, तर गावच्या वृत्तपत्राला, मासिकाला कळवा. त्यांचा बातमीदार येऊन पाहू दे, विचारू दे. ज्ञानकोशात नाव येईल न येईल. पण उद्या कोणी गार्डनर शोधत आला, तर त्याच्या हाती काहीतरी लागायला हवे.